दोनचं ब्लास्टिंग

सकाळी पावणेआठला मी खाणीतून घरी येतो.
रंजना चहात पोळी बुडवते, मी वरण-भात जेवतो.
तिची सकाळ, माझी रात्र,
मधे लोणच्याची एकच बरणी.

खिडकीला खताच्या पोत्याचा पडदा,
त्याचा एक टाका उसवलेला.
तेवढ्यातून येणारं ऊन आठला समोरच्या भिंतीवर असतं,
नऊला माझ्या पायांवर, साडेनऊला छातीवर.
डोळ्यांवर यायच्या आत झोप लागली पाहिजे,
असं मी रोज ठरवतो.

कूलर चालू असला की बरं.
लाईन गेली की तो थांबतो
आणि मला शांततेनं जाग येते.
रात्रभर डम्परच्या इंजिनाशेजारी बसलेले कान,
त्यांना शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं.

घर माझ्यासाठी कुजबुजायला शिकलं आहे.
कुकरची शिट्टी रंजना चिमट्यानं उचलून धरते.
शेजारची म्हातारी आमच्या दारावरून जाताना
चपला हातात घेते.
कृतिका पाढे ओठांतल्या ओठांत म्हणते.
शाळेत बाईंनी विचारलं, जोरात का नाही बोलत गं?
तर म्हणाली,
बाबा झोपून रायले ना.

शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

मग दोन वाजतात.
आधी भोंगा, मग जमिनीच्या पोटातून एक धक्का.
मांडणीवरचे डबे एकमेकांना लागतात,
भिंतीतली भेग बोटभर पुढे जाते,
मी उठून बसतो.
रागवायचं कुणावर?
दोनला जे फुटतं
तेच मी रात्री वाहतो.

वणीचा डॉक्टर म्हणाला, रात्रपाळी सोडा.
मी म्हटलं, पाळी दर आठवड्याला आपोआपच सुटते,
सुटून पुन्हा धरते.
तो हसला. गोळ्या लिहून दिल्या.
गोळी खाल्ली की झोप येते,
पण ती रात्री अकराला, बसमध्ये चढताना.

एक गोष्ट रंजनाला सांगितलेली नाही.
पहाटे तीन चाळीस, भरलेली गाडी, चढाचा रस्ता.
डोळे उघडे होते, शपथेवर सांगतो.
उघड्या डोळ्यांसमोर एक कोंबडी आडवी गेली,
तांबडी, एका पायानं लंगडी.
मी ब्रेक दाबला.
कोंबडी नव्हती.
पुढचं चाक मातीच्या बांधावर चढलं होतं
आणि बांधापलीकडे दीडशे फूट
नुसता काळोख.

खाली उतरलो, लघवी केली, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं.
मागून दौलत पिंपळशेंडेची गाडी आली, थांबली.
तंबाखू दे गा, म्हटलं.
त्यानं चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि चुना जरा जास्त लावून मळत राहिला.
विचारलं काहीच नाही.
त्यालाही कधी काहीतरी आडवं गेलं असेल.

सुटीच्या रात्री मी वेळेवर आडवा होतो,
सगळ्यांसारखा.
दोनला टक्क जागा.
रंजनाचा श्वास मोजतो, विसरतो, परत एकपासून.
शेवटी चप्पल घालून बाहेर.

पांदणीपलीकडे बॅटरी हलताना दिसली.
भाऊराव वाढई, गुडघ्यापर्यंत चिखलात,
भुईमुगाला पाणी देत होता.
काहून गा, झोपला नाहीस?
लाईन रातचीच येते ना बाप्पा. अन् तू?
मले सुटी आहे.
त्याला इतकं हसू आलं
की फावडं टेकवून उभा राहिला.
मग मी एक बारं मोडून दिलं.
पाणी सरीत शिरताना थंड होतं
आणि पायांना काही वेळ
कुठली पाळी आहे ते कळलं नाही.

परतलो तर घरातून आवाज येत होता.
मोठा, खणखणीत, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा.
कृतिका झोपेत पाढे म्हणत होती.
सात चोक अठ्ठावीस,
सात पाचा पस्तीस,
सात सक बेचाळीस,
सात साते

आणि कूस बदलून गप्प.

उंबऱ्यावर ओल्या पायांनी मी बराच वेळ उभा होतो,
ती पुढचं म्हणेल म्हणून.